आईचा 'जीवनपट' लिहायचाय आणि लिहायला काही सापडत नाहीये

शुक्रवारपेठी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

पुढच्या महिन्यात आमच्या आजीचं वर्षश्राद्ध. आम्ही सगळी नातवंडं तिला 'आई'च म्हणायचो आणि जन्म दिलेल्या बाईला 'मम्मी'. कोल्हापुरात, आमच्या पेठेत निम्म्या घरांत हीच तऱ्हा. त्यामुळं खाली 'आई' आलं की आजी समजा.

वडील आणि काकांनी ठरवलंय की पेपरात नुसता फोटो आणि 'प्रथम पुण्यस्मरण' एवढंच न देता चार पानांची पुस्तिका काढायची आणि जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायची. त्यातली दोन पानं जीवनपट. काम माझ्याकडं, कारण मी 'नेटवर लिहितो'. काकांनी मदत म्हणून मजकूर धाडला: 'प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीच्या, कुटुंबासाठी आयुष्य झिजवलेल्या'. मी रविवारच्या पेपरातलं पुण्यस्मरणाचं पान काढून बघितलं. नऊ जाहिराती, सात ठिकाणी हेच शब्द. फोटो बदलला की कुणाचीही आई.

मग स्वतः लिहायला बसलो. जन्मतारीख: आधारकार्डावर १ जून १९४२. (१ जून म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, खरी तारीख कुणालाच ठाऊक नसली की हीच लावायची. आमच्या आजोबांची पण १ जून.) शिक्षण: काका म्हणतात चौथी, आत्ती म्हणते शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. पेपर मात्र रोज वाचायची, आधी निधनवार्ता मग बाकीचं. नोकरी: नाही. पुरस्कार: नाही. प्रवास: पंढरपूर, तुळजापूर, दरवर्षी जोतिबा, आणि एकदा माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला ठाणे.

आणि नाव. इथंच अडलोय. सासरी आल्यावर नाव बदललं होतं, एवढं माहीत आहे. माहेरचं नाव चार मुलं आणि सात नातवंडांपैकी एकालाही सांगता येत नाही. तिचे दोन्ही भाऊ गेले. आजोबा वीस वर्षांपूर्वीच गेले.

माझ्याकडं आहे ते एवढंच: आजोबा शाहू मिलमध्ये होते. ती म्हणायची, "मी भोंग्याच्या आधी उठतो, भोंगा माझ्यामुळं वाजतो." जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. चहा बशीतनं प्यायची. वर्षाची चटणी (आमच्याकडं मिरचीच्या तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात) स्वतः उभं राहून कुटून आणायची. यावर दोन पानं भरत नाहीत.

तुमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा काय लिहिलंत?

पांढरा_रस्सा

दोन पानं कमी पडतात? आमच्या आजीच्या नुसत्या शिव्या लिहिल्या तरी पुरवणी काढावी लागेल. हलकं घ्या.

खिडकीतली

विशेषणं आधी सगळी खोडा. 'प्रेमळ'सकट.

माझी आई गेली तेव्हा मावशीनं मला हेच लिहायला बसवलं होतं. मला काही जमेना. शेवटी मी आईचा फक्त एक दिवस लिहिला, आषाढातला एक मंगळवार. आमच्याकडं पंचगंगेला नवं पाणी आलं की ते कलशात भरून त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाई देवीला, न्यायचं असतं, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हापासून सुरुवात केली. तिनं कुठली साडी नेसली, घाटावर शेजारणीशी कलश आधी कुणी बुडवायचा यावरनं झालेलं भांडण, पुढं पी-ढबाक वाजतंय आणि मागं ही अनवाणी, डोक्यावर कलश, आणि तोंडानं सुनांना सूचना: कांदा भाजलास का, मटणाला मीठ आत्ताच घालू नको. टेंबलाईच्या पायऱ्यांवर पाणी ओतून परत आल्यावर पंगत उठेपर्यंत ती जेवली नाही, हे लिहिलं. रात्री तिनं एकटीनं ताटात घेतलेला तुकडा मात्र मोठा होता, हेही लिहिलं. मावशीला ते शेवटचं आवडलं नाही. बाकी सगळ्यांना तेवढंच लक्षात राहिलं.

एक दिवस लिहा. आयुष्य आपोआप येतं मागनं.

सदाशिवपेठी_पाहुणा

एक शंका. 'मी भोंग्याच्या आधी उठतो' असं आजी म्हणायच्या? की टंकनदोष?

कागलकरीण

@सदाशिवपेठी_पाहुणा, टंकनदोष न्हवं ओ. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो, मी करतो' असंच बोलतात. 'मी आले' म्हणणारी एकतर शाळेत बाई असते नाहीतर पुण्याला जाऊन आलेली.

माझं सासर पुण्यात. लग्नानंतर पहिल्या सकाळी मी आतनं म्हटलं, "थांबा, मी चहा ठेवतो." सासूबाई बघायला आल्या, स्वैपाकघरात कोण पुरुष शिरलाय.

पांढरा_रस्सा

हाहाहा. धागाकर्ते, जीवनपटात तिची वाक्यं आहेत तशीच ठेवा. प्रेसवाला 'उठते' करून ठेवेल, लक्ष द्या.

उंबरठ्याबाहेर

मला वेगळं बोलायचंय, थोडं कडू आहे.

'कुटुंबासाठी आयुष्य झिजवलं' हे वाक्य लिहिताना झिजवणारे हात कुणाचे होते, हे कुणी लिहीत नाही. चार मुलांना आईचं नाव माहीत नाही, आणि पुस्तिकेत मात्र 'त्यागमूर्ती' छापायचं. तिनं त्याग केला की तिला कुणी विचारलंच नाही?

माझ्या आजीच्या माहेरी पावणेदोन एकर ऊस होता. वडील वारल्यावर भाऊ घरी आले, साडीचोळी केली, जेवले आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन गेले. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या वाटणीत मुलीलाही हिस्सा होता, २००५ च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित जमिनीत ती जन्मापासून मुलाच्या बरोबरीची झाली. पण भावाचं घर तुटू नये म्हणून अंगठा द्यायचा असतो हे तिला कायद्याच्या कितीतरी आधीपासनं माहीत होतं. आमच्या घरात त्याला 'आज्जीचा मोठेपणा' म्हणतात. मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "साडी चांगली हुती." मला अजून कळलेलं नाही, ती चेष्टा होती का.

आप्पा_मुरगूडकर

वरच्या प्रतिसादाशी असहमत. सगळं असं तराजूत घालायचं नसतं. माझ्या आईनं सहा जणांना वाढवलं, तीन म्हशी सांभाळल्या, पहाटे धार काढून डेअरीला दूध घालून मग घरची भाकरी. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. ती सुखी होती. आजकाल प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायची फॅशन आलीय.

उंबरठ्याबाहेर

@आप्पा, दुधाचं बिल कुणाच्या नावावर निघायचं?

आप्पा_मुरगूडकर

वडिलांच्या. पण पैसे आईच्याच हातात यायचे.

(काही वेळाने) सगळे नाही. खरं बोलायचं तर बरेचसे तालुक्याच्या बाजारात वाटेतच संपायचे. पण ते वेगळं.

जुना_सेंटरहाफ

वातावरण जड झालं म्हणून सांगतो. आमची आज्जी पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमची कट्टर. स्वतः शाहू स्टेडियमला एकदाही गेली नाही, पण मॅचच्या दिवशी देवाला दिवा लावून रेडिओसारखी दारात उभी. पोरं ओरडत आली तर जिंकलो, गप आली तर हरलो. तिला ऑफसाईड म्हणजे काय ते मरेपर्यंत कळलं नाही, पण 'रेफ्रीनं खाल्लं' हे प्रत्येक हरलेल्या मॅचला म्हणायची. माझा गुडघा निघाला तेव्हा डॉक्टरांना म्हणाली, "ह्याचं लग्न न्हाई झालं तरी चालंल, खेळता आलं पाहिजे."

माझं लग्न झालं. खेळता नाही आलं. गुणाची होती म्हातारी.

पांढरा_रस्सा

पाटाकडीलची म्हणजे एवढी पण गुणाची नसणार.

जुना_सेंटरहाफ

बाहेर भेट तू.

सकाळची_एसटी

पहिल्यांदाच लिहितेय, नाव बदलून आलेय.

सगळे छान छान आठवणी लिहितायत. माझी आजी माझ्यावर माया करत नव्हती. माझ्या भावावर करायची. दुधावरची साय त्याला, मला खालचं दूध. त्याला 'माझा वंशाचा दिवा', मला 'परक्याचं धन'. मी बारावीला कॉलेजात पहिली आले तेव्हा पेढे वाटले ते वडिलांनी. ती म्हणाली, शिकून कुणाच्या घरात उजेड पाडणार.

ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही आणि त्याचीच लाज वाटत राहिली. मग आईनं सांगितलं की आजीला तीन मुली झाल्यावर घराबाहेर काढलं होतं, चौथ्या खेपेला वडील झाले म्हणून परत घेतलं. तेव्हापासून मी तिच्यावर चिडू शकत नाही आणि माफही करू शकत नाही. जीवनपटात हे कुठं बसवायचं, मला खरंच माहीत नाही. आमच्या पुस्तिकेतही 'वात्सल्यसिंधू' छापलं होतं.

खिडकीतली

@सकाळची_एसटी, लिहिलंत ते बरं केलंत. मला यावर काही हुशार बोलता येणार नाही.

बुधवारी_उपास

अवांतर: चटणीचा विषय निघालाच आहे तर प्रमाण द्या ना कुणीतरी. मी बेंगळुरूला असते, इथलं 'कोल्हापुरी मसाला' नावाचं पाकीट म्हणजे लाल रंगाचा भुसा.

कागलकरीण

आमच्याकडचं: एक किलो मिरची, त्यात निम्मी ब्याडगी रंगाला, बाकीत संकेश्वरी आणि थोडी लवंगी. पाव किलो खोबरं, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा उभा चिरून उन्हात वाळवून मग तळलेला. धणे, तीळ, जिरं, आलं, कोथिंबीर, खडा गरम मसाला, खडेमीठ. मिरची देठ काढून दोन दिवस कडक उन्हात. चैत्र-वैशाखातच करायची, वळीव यायच्या आत. डंकावर नेताना लसूण-कांदा वेगळ्या डब्यात, आधी मिरची कुटून मग त्यात घालायचा. बरणीत मध्ये हिंगाचा खडा.

गडहिंग्लजचा_बाळू

कांदा अर्धा किलो? लई झाला. वर्षभर टिकायची न्हाई, वास मारतो.

कागलकरीण

आमची टिकते. तुमची बरणी नीट वाळत नसंल.

गडहिंग्लजचा_बाळू

आमच्या आईला विचारून सांगतो.

(दुसऱ्या दिवशी) आई म्हणाली, "कोण हाय ती बाई? आन् तिचा कांदा?"

उत्तरेश्वरचा_नळ

चटणीवरनं आठवलं. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत बोट आली. शिरोलीला हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. बोटीतली पोरं म्हणतायत आज्जी नुसता जीव घेऊन चला, आणि आज्जी जिन्यावर बसून बरण्या मोजतेय. मे महिन्यात केलेली चटणी. "माणसं माणसांना उचलतील, ह्याला कोण उचलणार?" तीन बरण्या बोटीत घेतल्याशिवाय हलली नाही.

शाळेतल्या निवारा केंद्रावर पाच दिवस बाहेरनं आलेली आमटी मिळायची. चांगली माणसं होती, लांबनं आणायची, पण बिनतिखट. आज्जी वाटी घेऊन ओळीनं फिरायची, प्रत्येकाच्या आमटीत चमचा चमचा. शेवटच्या दिवशी बरण्या रिकाम्या. घरी आल्यावर चिखल काढताना एकदाच म्हणाली, "आता वर्षभर काय खायाचं?" ते घर गेलं त्यापेक्षा जास्त तिला हे लागलं होतं असं मला वाटतं. कदाचित घराबद्दल बोलवत नव्हतं.

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

@उत्तरेश्वरचा_नळ, आमच्याही घरात छातीभर पाणी होतं. आईनं देव, चटणी आणि पिठाचा डबा माळ्यावर चढवला. टीव्ही आम्ही विसरलो.

सगळ्यांचे आभार. @खिडकीतलीची कल्पना घेऊन रात्री बसलो, मिलच्या दिवसांतली एक सकाळ लिहिली. एक अडचण. आई मिश्री लावायची. सकाळी चुलीपाशी तव्यावर तंबाखू भाजायची, तो वास म्हणजे माझं सगळं लहानपण. मी ते लिहिलं. काकांचा लगेच फोन: "मिश्री काढ. पाहुण्यांत मुलीकडची मंडळी असणार." काय करू?

पांढरा_रस्सा

मुलीकडच्यांच्या आज्ज्या काय मिश्री लावत नव्हत्या?

आप्पा_मुरगूडकर

काकांचं बरोबर आहे. तंबाखूचं कौतुक छापायचं नसतं. कॅन्सर होतो. शिवाय गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं.

दात_घासा (व्यवसायाने दंतवैद्य)

कॅन्सर होतो हे शंभर टक्के खरं, मिश्री तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे आणि बायकांमध्ये ती 'दात घासतो' या नावाखाली लपते. माझ्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या 'तंबाखू खाता का?' म्हटलं की 'छ्या' म्हणतात. 'मिश्री लावता का?' म्हटलं की 'ती काय तंबाखू हाय व्हय!' म्हणूनच लिहा म्हणतो. काढून टाकलं की पुढच्या पिढीला वाटतं आपल्या घरात कुणी लावतच नव्हतं.

राजारामपुरी_नववी

माझं साधं मत. पुस्तिकेचा खर्च पंचगंगा स्मशानभूमीला शेणीच्या (गोवऱ्यांच्या) रूपात द्या. आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्काराला शेणी-लाकूड फुकट देते, पैसे मागत नाही, आणि ते लोकांच्या दानावर बरंच चालतं. होळीला पोरं शेणी गोळा करून तिकडं देतात ते आपण बघतोच. चार पानी पुस्तिका पाहुणे ताटाखाली ठेवून जातात.

पांढरा_रस्सा

एक नंबर. फक्त शेणीवर 'सप्रेम भेट' लिहू नका.

हेरवाडचा_जावई

धागाकर्त्यांनी आजोबांनंतरची वीस वर्षं कशी काढली ते लिहिलं नाही. मला ते वाचायला आवडेल. माझी सासुरवाडी शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात करायचं नाही. राज्यात पहिलं गाव. ज्या संस्थानात १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला तिथं हे व्हायला शंभर वर्षं लागली, असंही म्हणता येईल.

माझ्या आजेसासूबाईंना आम्ही कौतुकानं सांगायला गेलो. त्यांच्या बांगड्या फुटून तेव्हा तीस वर्षं झालेली. म्हणाल्या, "आता घालू व्हय? आता मनगटात र्‍हात न्हाईत." आणि मग दुसऱ्या दिवशी नातसुनेला हळूच विचारलं, दोन हिरव्या मिळतील का म्हणून.

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

@हेरवाडचा_जावई, आईच्या बांगड्या फोडायला बायका आल्या होत्या. ती उठून मोरीत गेली, स्वतः साबण लावून एक एक काढली आणि डब्यात ठेवली. म्हणाली, "पैसे पडल्यात." हे मी विसरलोच होतो. तुमच्यामुळं आठवलं. लिहितो.

फेरफार_कट्टा

मूळ प्रश्नाकडं येतो, माहेरचं नाव. मी महसूल खात्यातनं निवृत्त झालोय. तीन ठिकाणी बघा.

तिच्या वडिलांच्या नावावर जमीन असेल तर गावच्या तलाठी कार्यालयात जुने फेरफार काढा. वडील वारल्यावर वारसनोंद होते, तीत मुलींची नावं घालतात. पण बऱ्याचदा सासरचंच नाव असतं, हे लक्षात ठेवा. दुसरं, गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. चौथी शिकली असेल तर तिथं नाव, जात आणि जन्मतारीख सापडेलच, ती १ जूनच असेल तो भाग वेगळा. तिसरं, लग्नपत्रिका, तुमच्याकडं नसेल, पण ज्यांना आली त्यांच्याकडं असू शकते.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लावतात. जुन्या आयांचं नाव मात्र असं शोधत फिरावं लागतं.

तांबट_आळी

मी चौथं ठिकाण सांगतो. घरातली जुनी भांडी पालथी करा.

आमच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, नाव घालायचं काम दुकानातच. मशीन यायच्या आधी छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब करत कोरायचे. लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच, पण मामानं किंवा आजोळनं दिलेलं असेल तर नवरीचं नावही घालायचे, 'चि. सौ. कां.' लावून. आणि 'चि. सौ. कां.'च्या पुढं माहेरचंच नाव येतं, सासरचं तेव्हा ठरलेलं नसतं.

चिंचेनं आणि राखेनं घासून घासून टिंबं बुजलेली असतात. घासू नका अजून. कोरडं करून वर बारीक रांगोळी नाहीतर पीठ चोळा, वरचं फडक्यानं हलकं पुसा. टिंबांत पांढरं बसतं. मग अंधारात मोबाईलचा उजेड बाजूनं तिरका धरा. वरनं धरलात तर काही दिसायचं नाही.

बुधवारी_उपास

आत्ता उठून माळ्यावरचं घंगाळ काढलं. आजीच्या मामांचं नाव निघालं!!

सकाळची_एसटी

मीही बघितलं. तांब्यावर भावाचं नाव आहे. असो.

शुक्रवारपेठी (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:४०

काल रात्री कोल्हापूरला आलो. सगळी भांडी पालथी केली. हंडा, कळशी, परात, सगळीकडं आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव. शेवटी मम्मी म्हणाली, पिठाचा डबा राहिला. तो कुणी बघितलाच नव्हता कारण तो रोजच्या वापरात आहे, ज्वारीच्या पिठाचा, पुरात माळ्यावर चढवलेला तोच. पीठ काढलं, उलटा केला. बुडाला काहीच दिसेना. @तांबट_आळींनी सांगितलं तसं केलं, पीठ तर हाताशीच होतं.

'चि. सौ. कां.', पुढं तीन अक्षरी नाव, 'हिस मामाकडून', आणि ता. १८–५–५६.

आत्तीला फोन लावला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, अंबाबाईच्या देवळात एक बाई हिला ह्या नावानं हाक मारायची. मी ल्हान होतो. मला वाटायचं मागनं दुसरीच कुणी येतीया."

नाव इथं टाकत नाही. आधी घरातल्या सगळ्यांना कळू दे.

उंबरठ्याबाहेर

वाचून थांबले. फक्त एक. ५६ चा मे आणि आधारवरचं १९४२ हे दोन्ही खरं मानलं तर तिला चौदाही पूर्ण नव्हती. तेव्हाच्या कायद्यातही मुलीला १५ लागायची.

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

हो. वडिलांनी पण बोटं मोजली. मग डबा घेऊन आत गेले.

आप्पा_मुरगूडकर

माझ्या आईचं माहेरचं नाव मला माहीत आहे. पण या धाग्यामुळं आज कितीतरी वर्षांनी मोठ्यानं उच्चारलं. सुनेनं विचारलं, कुणाला हाक मारताय.

तांबट_आळी

डब्याला कल्हई करायला देऊ नका आता. आणि पीठ त्यातच ठेवा.

पांढरा_रस्सा

मिश्रीचं काय ठरलं शेवटी?

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

मी घातली. काकांनी खोडली. मी परत घातली. आत्ती म्हणतीय, तवा पण घाल, भाकरीचा तवा वेगळा होता ते स्पष्ट लिही, नाहीतर लोक काय म्हणतील. सोमवारी प्रेसला जातंय.